पोटात पाय

आमच्या घरामागे चार हात जमीन आहे. दसरा-दिवाळीला झेंडू विकत आणायचा नाही, हा सासूबाईंचा बाणा. आणि त्याची रोपे उगवली रे उगवली की रातोरात फस्त करायची, हा आफ्रिकन गोगलगायींचा! १८४७ साली शंखशिंपल्यांच्या नादी लागलेल्या एका साहेबाने ही जात मॉरिशसहून कलकत्त्यास आणली. आता ती आमच्या उपनगरातही सुखाने नांदते आहे. श्रावणात रोज रात्री मी बॅटरी आणि मिठाची वाटी घेऊन बाहेर पडते. मराठीच्या प्राध्यापिकेने सांगू नये, पण त्यात मला थोडी मौजही वाटते.

यंदा मी वैतागून लेकीला म्हटले, “हिला खाणारा एखादा प्राणीच आणून सोडावा!”

“आई, हवाईत नेमके तेच केले,” ती म्हणाली, आणि तिने मला जॉर्जची हकीकत सांगितली.

जॉर्ज हा ओआहू बेटावरच्या रानातल्या जातीचा गोगलगाय. की जातीची? नाव पुरुषाचे, आपला शब्द स्त्रीलिंगी, आणि जीव तर एकाच देही नर आणि मादी! माझे व्याकरण तिथेच थांबले. या गोगलगायी जेमतेम दोन सेंटिमीटरच्या, रंगीत शंखाच्या. पानाला धक्का न लावता त्यावरची बुरशी तेवढी खरवडून खायची, अंडी न घालता मोजकीच पिले द्यायची. त्या रानात गातात, अशी तिथल्या जुन्या लोकांची श्रद्धा.

हवाईत १९३६ साली आफ्रिकन गोगलगाय आली. तिच्या बंदोबस्ताला १९५५ साली फ्लॉरिडातून मांसाहारी गोगलगाय आणून सोडली. आफ्रिकन बया राहिली बाजूलाच. ही नवी पाहुणी चिकट माग काढीत झाडावर चढली आणि या गरिबांना खात सुटली. ‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण मी वर्गात वीस वर्षे समजावते आहे. मला स्वतःला ती आत्ता समजली.

उंदीर आणि तुटती राने होतीच. जॉर्जच्या जातीतल्या शेवटच्या दहा १९९७ साली विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत आणल्या. त्यांना पिले झाली, पण एकेक करून सारी गेली. उरला एकटा जॉर्ज. सुमारे चौदा वर्षांचा होऊन १ जानेवारी २०१९ रोजी तोही गेला. त्याच्या काही भाऊबंद जाती डोंगरमाथ्यावरच्या उरल्यासुरल्या रानात, कुंपणाआड, अजून तग धरून आहेत.

त्या रात्री बाहेर गेले तर ओल्या भिंतीवर एक नखाएवढी, निमुळत्या शंखाची गोगलगाय. आफ्रिकन नव्हे खास! चिमूट उचलली गेली होती. इतक्या वर्षांत अशा किती, न पाहताच...

मीठ वाटीत टाकले, बॅटरी तशीच धरली आणि लेकीला हाक मारली.