गाणारी भिंत

शनिवार पेठेचे जुने नाव मुर्तझाबाद. इंग्रजी अमदानीतल्या पुणे गॅझेटियरमध्ये तशी नोंद आहे. वर्गात हे सांगितले की मुलांचे चेहरे खुलतात. घरी दखनी, शाळेत उर्दू आणि रस्त्यावर मराठी बोलणारी ही मुले. पेठेत आपलेही एक नाव होते, याचा त्यांना आनंद होतो. पण आम्ही त्यांना लगेच दुसरी गोष्ट सांगतो. जुन्या नावाने गाव आपले होत नाही. ज्या गावाची बरीवाईट गोष्ट आपल्याला सांगता येते, ते गाव आपले.

अशी गोष्ट सांगणाऱ्या दोन माणसांबद्दल आम्हांला लिहायचे आहे. एक डॉ. जब्बार पटेल. जन्म १९४२, पंढरपूरचा. डॉक्टरकी पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकले आणि दौंडला मुलांचे डॉक्टर म्हणून दवाखाना चालवला. दुसरे भास्कर चंदावरकर. पंडित रविशंकर यांच्याकडे सतार शिकलेले, फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवणारे. युरोपात फेलिनी आणि नीनो रोटा या दिग्दर्शक-संगीतकार जोडीचे नाव १९५२ पासून रोटांच्या १९७९ मधील निधनापर्यंत एकत्र घेतले गेले. आपल्या मराठीतली तशी जोडी शोधायची तर नजर या दोघांकडे जाते.

१६ डिसेंबर १९७२ रोजी पुण्याच्या भरत नाट्यमंदिरात विजय तेंडुलकरांचे ‘घाशीराम कोतवाल’ रंगभूमीवर आले. कनोजहून आलेला घाशीराम पुण्यात अपमानित होतो, नाना फडणविसांच्या हाती पोटची पोर देतो, बदल्यात कोतवाली मिळवतो आणि शहराला छळतो. रंगमंचावर ना वाडा, ना महाल. ओळीने उभी माणसे, तीच भिंत. ती पाठ फिरवते, डोलते, दुभंगते आणि पाहता पाहता देऊळ, दरबार, बावनखणी होते.

ही भिंत उभी केली जब्बारांनी, तिला पदन्यास दिला कृष्णदेव मुळगुंदांनी; पण ती चालते चंदावरकरांच्या लयीवर. चाल काढून घेतली तर उरतील नुसती ओळीत उभी राहिलेली माणसे. संगीतकार इथे सजावटीला आलेला नाही, तो गवंडी आहे. दुसरे असे की या भिंतीच्या तोंडी देवाचे नाव आहे. कीर्तन चालू असते आणि नानांची नजर कोवळ्या गौरीवर असते. सूर भक्तीचा, कृत्य पापाचे. चंदावरकरांनी सूर कडवट केला नाही, गोडच ठेवला. म्हणून तर अंगावर काटा येतो. जब्बारांनीही त्या गोडव्यावर विश्वास टाकला. ‘प्रेक्षकाला कळणार नाही’ अशी भीती बाळगली असती, तर हे साधले नसते.

नाटकावर वादळ उठले, ज्या संस्थेने ते बसवले तिनेच प्रयोग थांबवले. मग कलावंतांनी १९७३ मध्ये थिएटर अकॅडमी स्थापन केली आणि नाटक पुन्हा उभे राहिले. १९७५ मध्ये ‘सामना’ हा जब्बारांचा पहिला चित्रपट आला, संगीत पुन्हा चंदावरकरांचे. साखरसम्राटाला एका नाहीशा झालेल्या माणसाचा हिशेब विचारत राहणारा मास्तर आम्हां शिक्षकांना फार जवळचा. हा चित्रपट बर्लिनच्या महोत्सवात गेला. १९७८ मध्ये ब्रेख्तच्या नाटकावरून पु. ल. देशपांडे यांनी लिहिलेला ‘तीन पैशाचा तमाशा’ जब्बारांनी बसवला. त्याच्या संगीतातही चंदावरकर होते.

ही मैत्री निकाहनाम्याने बांधलेली नव्हती. ‘जैत रे जैत’साठी, पुढे ‘उंबरठा’साठी जब्बार हृदयनाथ मंगेशकरांकडे गेले. चंदावरकरांनी मृणाल सेन यांच्या ‘खंडहर’ला संगीत दिले. २००९ मध्ये ते गेले. मोजून थोडीच कामे, पण त्यांत कुणी कुणाकडे आपलेपणाचा दाखला मागितल्याचे दिसत नाही. पटेल आडनावाच्या मुसलमानाने कीर्तन का बसवावे, हा प्रश्न त्या भिंतीला पडत नाही.

तो प्रश्न आमच्या शिक्षकखोलीत पडतो. “इसमें अपना क्या है?” एका सहकाऱ्याने विचारले. आम्ही म्हटले, पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला अभंग परका कसा असेल? आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी अभंग लिहिले, ते कुणाची परवानगी घेऊन? सहकारी हसले, पण पटले असे दिसले नाही.

दुसरी बाजूही आहे. संमेलनासाठी आम्ही पाण्याच्या टंचाईवर एक छोटी नाटिका बसवत होतो. एक पालक आले. अत्यंत अदबीने म्हणाले, “जनाब, ड्रामा ठीक है, पर बाजा नको.” त्यांच्या श्रद्धेशी हुज्जत घालणे आम्हांला योग्य वाटले नाही, मुलगी नाटिकेतून गेली असती तर नुकसान तिचे होते. आम्ही पेटी, ढोलक बाजूला ठेवले. बारा मुले-मुली ओळीने उभी केली. टाळ्या, पावले आणि गळे एवढ्यावर लय बांधली. मुलांची भिंत झाली, भिंतीची नळावरची रांग झाली, रांग भांडली, मोडली, पुन्हा जुळली. निम्मे बोल उर्दूत, निम्मे मराठीत. ते पालक शेवटपर्यंत बसून होते आणि त्यांची मुलगी रांगेत सर्वांत पुढे होती.

कोण काय मानतो याचा निकाल त्या दिवशी लागला नाही, लागायचेही कारण नव्हते. पण जे मोठ्या माणसांनी मोठ्या मंचावर केले, ते आमच्या मुलांना पत्र्याच्या शेडखाली थोडेसे करता आले. एकाने चित्र पाहायचे, दुसऱ्याने ताल धरायचा आणि दोघांनी एकमेकांवर भरवसा ठेवायचा. तेवढ्यावर भिंत गाऊ लागते. पेठेचे नाव मुर्तझाबाद असो की शनिवार.