बसमधले घर आणि आजीची अट

चाकांवरचे घर म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर दिवाळीच्या आसपास साखर कारखान्याकडे निघालेली ऊसतोडणी कामगारांची गाडी येते. गाडीत भांडीकुंडी, वळकट्या, एखादी शेळी आणि त्या सगळ्यावर बसलेली पोरे. पोटासाठी बिऱ्हाड पाठीवर घेऊन हिंडणे आपल्या माणसांना काही नवीन नाही. म्हणूनच माझ्या भाचीने अमेरिकेहून फोनवर सांगितले की, "मावशी, आम्ही शाळेची जुनी बस विकत घेतली, आता तिच्यातच राहणार," तेव्हा तिची आई, म्हणजे माझी थोरली बहीण, दोन दिवस नीट जेवली नाही. एवढी शिकली, शिष्यवृत्तीवर परदेशात गेली, ती शेवटी गाडीत संसार मांडायला? पोरीची नोकरी गेली असेच तिला वाटले.

नोकरी गेली नव्हती. ही २०२१ ची गोष्ट. कोरोनाच्या काळात तिच्या कंपनीने घरून काम करण्याची मुभा दिली आणि ती पुढेही चालू ठेवली. काम संगणकावरचे, ते वेळेवर झाले की माणूस कोठे बसला आहे याच्याशी साहेबाला फारसे कर्तव्य नाही. फक्त राहण्याचे राज्य कंपनीला कळवावे लागते, कारण तिकडे प्रत्येक राज्याचा प्राप्तिकर निराळा. म्हणून कागदावरचा पत्ता सासऱ्यांच्या डेट्रॉईटच्या घराचा आणि मुक्काम बसमध्ये. आम्ही मस्टरवर सही करणारी माणसे. २०२० मध्ये आमच्याही कार्यालयात आळीपाळीने हजेरी होती, पण फाईल कपाटात आणि कपाट कार्यालयात. घरून काम हे आमच्यासाठी सुट्टीचेच दुसरे नाव होते.

२०२४ च्या उन्हाळ्यात साठलेली अर्जित रजा घेऊन मी तिकडे सहा आठवडे राहून आले. व्हिसाच्या मुलाखतीची तारीख मिळायलाच इतके महिने गेले की बाबासाहेबांनी आपल्या आठवणींच्या पुस्तिकेला 'वेटिंग फॉर अ व्हिसा' हे नाव का दिले, याचा मी रांगेत उभी राहून पुष्कळ विचार केला. असो.

आमचे जावई अमेरिकन आहेत, आफ्रिकन-अमेरिकन कुटुंबातले. बस त्यांनी लिलावात घेतलेली. तिकडच्या सगळ्या शाळांच्या बस एकाच पिवळ्या रंगाच्या असतात. १९३९ मध्ये कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजमधील प्राध्यापक फ्रँक सायर यांनी बोलावलेल्या परिषदेत तो रंग ठरला. पहाटेच्या अंधुक उजेडात पिवळ्यावरची काळी अक्षरे चटकन दिसतात, हे त्यामागचे कारण. (आपले बाबासाहेब ज्या कोलंबियात शिकले, तेच हे विद्यापीठ. मी ते जावयांना सांगितले. त्यांना ते आधीच माहीत होते, भाचीने लग्नाआधीच ऐकवले होते.) बस खाजगी मालकाकडे गेली की बहुतेक राज्यांत हा पिवळा रंग बदलावा लागतो, बाजूची 'थांबा'ची पाटी आणि लाल दिवे काढावे लागतात. यांची बस आता निळी आहे. आतली सगळी बाके उखडून टाकली, फक्त एक ठेवले. गंजलेले बोल्ट कापताना जावयांच्या हाताला पडलेले डाग अजून दिसतात.

मी गेले तेव्हा बस सासऱ्यांच्या अंगणात उभी होती आणि तिची दुसरी दुरुस्ती चालू होती. पहिल्या वेळी पैसे कमी, म्हणून सगळे कामचलाऊ केलेले. आता मुख्य प्रश्न विजेचा. भाचीचा संगणक साठ वॅट खातो असे धरले तरी आठ तासांचे पाचशे वॅट-तासांच्या घरात जाते. उपग्रहावरून इंटरनेट घेणारी छपरावरची थाळी तेवढेच किंवा थोडे जास्त घेते. वर शीतकपाट आणि पंखा. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या अर्ध्यापेक्षा जास्त उतरवल्या की लवकर मरतात. लिथियमची बॅटरी जवळजवळ पूर्ण वापरता येते, पण महाग. शिवाय कडाक्याच्या थंडीत, शून्याच्या खाली, ती चार्ज करायची नसते. म्हणून बॅटऱ्या बाहेरच्या पेटीतून आत पलंगाखाली आणल्या, छपरावर सौर तावदाने वाढवली आणि बस चालू असताना इंजिनावरही चार्जिंग व्हावे अशी जोडणी केली.

मी बी.कॉम., म्हणून खर्चाची वही माझ्याकडे आली. तिथेच भांडण सुरू झाले. भांडण जावयांच्या आजीशी.

आजी शहाऐंशी वर्षांच्या. मूळच्या अलाबामा राज्यातल्या, माँटगोमेरी शहराजवळच्या एका खेड्यातल्या. १९५० च्या सुमारास वडिलांनी मोटारींच्या कारखान्यात काम धरले आणि बारा वर्षांच्या असताना त्या डेट्रॉईटला आल्या. दक्षिणेतून उत्तरेकडे आलेल्या लाखो कृष्णवर्णीयांपैकी हे एक कुटुंब. आता जन्मगाव एकदा पाहायचे होते. विमान नको, नातवाच्या बसनेच जाणार. पण अट घातली: "संडास नीट झाल्याशिवाय मी या गाडीत पाय ठेवणार नाही."

तोवर बसमध्ये झाकणाची बादली होती. तयार चांगला संडास हजार डॉलरच्या आसपास. तेवढ्यात आणखी बॅटरी येते, असे जावयांचे म्हणणे. वाटेत पेट्रोल पंप आहेतच की! यावर आजी जे बोलल्या ते ऐकून मी वही मिटली.

लहानपणी दर उन्हाळ्यात वडील त्यांना मोटारीने गावी नेत. दक्षिणेत शिरल्यावर पंपावर पेट्रोल मिळे, पैसे घेत, पण गोऱ्यांसाठीच्या संडासाला कुलूप आणि काळ्यांसाठी वेगळा असलाच तर जाववणार नाही असा. हॉटेलात वाढत नसत, म्हणून आई बुटाच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी आणि पाव बांधून घेई. मोटारीत एक डबा ठेवलेला असे, नाहीतर झाडी. अंधारात थांबायला वडील घाबरत. म्हणून निघायच्या आदल्या संध्याकाळपासून मुलींना पाणी देत नसत.

न्यूयॉर्कच्या हार्लेममधील व्हिक्टर ह्यूगो ग्रीन नावाच्या पोस्टमनने १९३६ पासून एक पुस्तिका काढली होती. कृष्णवर्णीय प्रवाशांनी कुठे उतरावे, कुठे जेवावे, कुठे त्यांना दार उघडेल, यांची पत्त्यांसह यादी. 'ग्रीन बुक' म्हणत तिला. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने हा भेदभाव बेकायदा ठरला आणि थोड्याच वर्षांत ती निघायची बंद झाली. आजींच्या वडिलांच्या मोटारीत ती असायची. पोस्टातल्या एका साध्या कर्मचाऱ्याने केलेले हे काम मला फार मोठे वाटते.

निघण्याच्या आदल्या दिवसापासून पाणी नाही! मला हे पुस्तकातून कळायला नको होते. गेली वीस वर्षे मी शिबिरांना, मोर्चांना, सभांना एस.टी.ने हिंडते आहे. सकाळी घरून निघताना घोटभर पाणी, मग संध्याकाळी घरी येईपर्यंत नाही. हातात बाटली असते, ती भाषण करणाऱ्यांना द्यायला. आमच्या महिला मंडळातल्या निम्म्या बायका हेच करतात आणि मग लघवीच्या जळजळीची औषधे घेतात. पाण्याशी आपले नाते आणखीही जुने. १९३४ मध्ये बाबासाहेब सुमारे तीस सहकाऱ्यांसह सहलीला निघाले, दौलताबादच्या किल्ल्यावर हौदाच्या पाण्याने हातपाय धुतले आणि त्यावरून केवढा गहजब झाला, हे वाचकांना ठाऊक आहे. आजींना मी ते माझ्या मोडक्या इंग्रजीत सांगितले. त्या म्हणाल्या, "तो माणूस वकील होता ना? तरी?" मी म्हटले, "बॅरिस्टर. तरी."

शेवटी संडास झाला. तयार न घेता जावयांनी घरीच केला. शंभर डॉलरच्या आसपास मिळणारा एक प्लॅस्टिकचा साचा आणला आणि बाकी प्लायवूड. युक्ती साधी आहे. लघवी पुढे एका डब्यात जाते, मैला मागे नारळाच्या काथ्याच्या ओलसर भुशात पडतो. दोन्ही एकत्र झाले की घाण वास सुटतो, वेगळे राहिले की फारसा येत नाही. एक लहान पंखा रात्रंदिवस हवा बाहेर ओढतो. पाणी लागत नाही, हे महत्त्वाचे, कारण बसमधली टाकी तीनशे लिटरची आणि त्यातच आंघोळ, भांडी, पिणे. आपल्याकडच्या सवयीप्रमाणे मी तांब्या ठेवायला जागा मात्र मागून घेतली.

मग तो रिकामा कोण करणार? भाचीने शीतकपाटावर पाळीपत्रक लावले. एक दिवस ती, एक दिवस जावई. पाहुणी म्हणून माझे नाव नव्हते, ते मी पेनने लिहिले. प्रवासी गाड्यांचे सांडपाणी घेणारी ठिकाणे तिकडे रस्त्याकडेला असतात, तिथे डबा न्यायचा, हातमोजे घालून ओतायचा, धुवायचा. कोणी माणूस बोलावायचा नाही. आजी खिडकीतून नातवाकडे बघत होत्या. त्यांची आई गोऱ्यांच्या घरी कामाला होती, तिथली रात्रीची भांडी रिकामी करणे हेही तिचेच काम. माझे आजोबा मेलेली गुरे ओढत, हे मी त्यांना सांगितले. आपल्याकडे हाताने मैला उचलायला लावणे कायद्याने बंद आहे, १९९३ चा एक कायदा, २०१३ चा दुसरा. तरी गटारात उतरून माणसे मरतात, हेही सांगितले. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत.

निघण्यापूर्वी त्यांनी आम्हाला जवळच्या डिअरबॉर्नमधील हेन्री फोर्ड संग्रहालयात नेले. रोझा पार्क्स यांनी १ डिसेंबर १९५५ रोजी माँटगोमेरीत जिच्यातली जागा सोडायला नकार दिला, ती बस तिथे आहे. क्रमांक २८५७. सेवेतून काढल्यावर सुमारे तीस वर्षे ती एका शेतात उभी होती, आत लाकूडफाटा आणि हत्यारे ठेवलेली. २००१ मध्ये संग्रहालयाने ती लिलावात जवळजवळ पाच लाख डॉलर देऊन घेतली. आत जाऊन बसता येते. मी बसले. माँटगोमेरीच्या लोकांनी ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला आणि २१ डिसेंबर १९५६ ला ते हव्या त्या बाकावर बसले. म्हणजे आपल्या दुःखाच्या ६ डिसेंबरनंतर पंधरा दिवसांनी.

डेट्रॉईट ते माँटगोमेरी तेराशे किलोमीटरच्या आसपास. आम्ही नऊ दिवस घेतले. लिटरला चार किलोमीटर देणारी बस, आणि भाचीची कचेरी. सकाळी नऊ ते पाच बस जागची हलायची नाही. ती मागच्या टेबलावर कानाला यंत्र लावून बसे, आम्ही झाडाखाली. पाचनंतर दोन-तीन तास चालायचे. शेवटचा मोठा टप्पा शनिवारी. ज्यांना वाटते की ही मंडळी दिवसभर फिरतात आणि पगार फुकट घेतात, त्यांनी एक आठवडा राहून पाहावे.

आजी त्या एकुलत्या एका बाकावर बसून होत्या आणि सारखे पाणी पीत होत्या. अलाबामात शिरल्यावर एका पंपावर त्या खाली उतरल्या आणि काठी टेकत थेट पंपाच्या संडासाकडे निघाल्या. "अगं, गाडीत आहे की!" जावई म्हणाले. "माहीत आहे," म्हणून त्या गेल्याच. पाच मिनिटांनी परत आल्या. तोंड वाकडे करून म्हणाल्या, "साबण संपलाय. सांगून आले त्यांना."

मी परत आल्यावर आमच्या महिला मंडळाने जवळच्या एस.टी. आगारात अर्ज दिला. मोडीत काढायच्या बसमध्ये स्त्रियांसाठी स्वच्छतागृह करून स्टँडवर उभे करा, अशी मागणी. पुण्यात २०१६ मध्ये जुन्या सिटी बसमध्ये 'ती' नावाने अशी स्वच्छतागृहे सुरू झाली होती, त्याची कात्रणे जोडली. अधिकाऱ्यांनी अर्ज वाचला, चहा मागवला आणि पहिला प्रश्न विचारला, "पण बाई, साफ कोण करणार?" आम्ही म्हटले, पूर्ण पगार, हातमोजे, पाण्याचा पाईप आणि यंत्र द्या, जाहिरात काढा, आणि जाहिरातीत जातीचा रकाना नको. त्यांनी ते लिहून घेतले. पोच मिळाली आहे, उत्तर अजून आलेले नाही. पुढच्या सोमवारी अकरा वाजता आम्ही सातजणी पुन्हा जाणार आहोत.