हरण्याचे दिवस

दिवाळीच्या आधी घरातील सगळी कपाटे आवरायची, असा आमच्या घरचा परिपाठ आहे. गेल्या खेपेस माझ्या वाट्याचा कप्पा आवरीत असता विजेच्या जुन्या बिलांच्या गठ्ठ्याखालून एक शंभर पानी वही निघाली. वहीवर नाव नव्हते, विषय नव्हता. आत तारखांपुढे आकडे होते आणि प्रत्येक आकड्यामागे उणे चिन्ह. उणे ४००, उणे १,१५०, उणे ७००, अशा सलग एकोणीस ओळी! मी ती वही घाईघाईने रद्दीत सरकवणार, इतक्यात ही मागे येऊन उभी राहिली.

"टाकू नका ती," ही म्हणाली, "फार महाग पडलेली वही आहे."

वाचकांना या वहीचा उलगडा केला पाहिजे. बत्तीस वर्षे शाळेत गणित शिकवून मी निवृत्त झालो. तोवर दिवाळीतल्या मेंढीकोटापलीकडे माझी पत्त्यांशी ओळख नव्हती. पुढे एका स्नेह्याच्या चिरंजीवांनी माझ्या मोबाइलवर पोकरचा खेळ घालून दिला आणि मी त्यात रमलो. प्रत्येकाच्या हाती दोन झाकले पत्ते, मध्यभागी सर्वांसाठी एकामागून एक उघडले जाणारे पाच. या सातांतून पाचांचा उत्तम संच साधायचा, आणि मधल्या मधल्या थांब्यांवर पैसे लावायचे किंवा पत्ते टाकून मोकळे व्हायचे. उत्तम पत्ते असलेलाच जिंकतो असे नाही. समोरच्याला त्याचे बरे पत्ते टाकायला लावणाराही जिंकतो. अंकगणित आणि मनुष्यस्वभाव यांची अशी सांगड मी दुसऱ्या कोणत्याही खेळात पाहिली नाही. पहिली दोन वर्षे लहान रकमा लावून मी थोडाबहुत नफ्यात राहिलो, आणि त्या नफ्याचे श्रेय बिनदिक्कत माझ्या गणिताला देऊन टाकले.

या खेळाचा एक विशेष प्रारंभी माझ्या ध्यानात आला नाही. चार माणसे सतरंजीवर बसून खेळतात तेव्हा पत्ते पिसण्यात, वाटण्यात आणि चहा पिण्यात वेळ जातो. तासाला पंचवीस-तीस डाव झाले तरी पुष्कळ. मोबाइलच्या पडद्यावर तेवढ्याच वेळात साठांहून अधिक डाव होतात, आणि एका वेळी दोन टेबलांवर खेळणाऱ्याचे त्याच्याही दुप्पट. सतरंजीवर ज्या नशिबाच्या रहाटाला एक फेरा घ्यायला महिने लागतात, तो येथे आठवड्याभरात गरगरतो. सुदिन लवकर येतात, आणि दुर्दिनही.

माझे दुर्दिन एका आषाढात आले. हाती पहिल्या दोन पत्त्यांत एक्क्यांची जोडी येणे ही या खेळातील सर्वांत मोठी भाग्याची गोष्ट. ती सरासरीने २२१ डावांत एकदा येते. समोरच्याजवळ दुसरी कोणतीही जोडी असली आणि दोघांनी आरंभीच सर्व पैसे लावले, तर एक्केवाला पाचांत सुमारे चारदा जिंकतो. मी लागोपाठ तीन रात्री याच स्थितीत हरलो. पाचांत एकदा घडणारी गोष्ट सलग तीनदा घडण्याचा संभव सव्वाशेत एक, हे मी नववीच्या मुलांना फळ्यावर करून दाखविले असते. सव्वाशेत एक म्हणजे कधीच नाही असे नव्हे. पुष्कळ खेळणाराच्या वाट्याला असा त्रिवार आघात केव्हा तरी यायचाच. परंतु फळ्यावरचा सव्वाशेत एक निराळा आणि रात्री साडेअकरा वाजता स्वतःच्या पैशांवर कोसळणारा सव्वाशेत एक निराळा!

मग मी काय काय केले ते सांगायला आज लाज वाटते. प्रथम खुर्ची बदलली. मग खिडकीकडे पाठ करून बसू लागलो. खेळाच्या दिवशी दाढी करायची नाही, असा एक नियम केला. जन्मभर मुलांना 'नाण्याला स्मृती नसते' असे बजावणारा मी, हरलेल्या प्रत्येक डावानंतर 'आता तरी यायलाच हवे' असे पुटपुटू लागलो. १९१३ सालच्या ऑगस्टात मोंटे कार्लोच्या जुगारगृहात चक्रावरची गोळी सलग सव्वीस वेळा काळ्या घरात पडली, आणि 'आता तरी लाल' म्हणून लोकांनी तांबड्यावर पैसे ओतले. ही गोष्ट मी वर्गात किती मौजेने सांगत असे! आता त्या लोकांच्या रांगेत मी स्वतःच उभा होतो. खुर्चीने भागेना, तेव्हा यंत्रच लबाडी करते असा निष्कर्ष मी काढला. हरणाऱ्या माणसाला दोषी कोणीतरी हवा असतो. कोणाचाच दोष नाही, ही गोष्ट त्याला सर्वांत असह्य होते.

या अवस्थेला खेळाडू 'टिल्ट' म्हणतात. गोळी उडवून खेळायच्या पिनबॉलच्या यंत्राला रागाने हलविले की ते बंद पडते आणि त्यावर हा शब्द झळकतो. तेथून तो पोकरमध्ये आला. माझे यंत्र पुरतेच हलले होते. डॅनिएल कानमन आणि अमोस ट्वर्स्की या दोन मानसशास्त्रज्ञांनी १९७९ साली दाखवून दिले, की मिळकतीच्या सुखापेक्षा तेवढ्याच हानीचे दुःख माणसाला कितीतरी तीव्रतेने जाणवते, आणि झालेल्या हानीशी ज्याने मनोमन समेट केलेला नाही तो एरवी ज्या पैजेकडे ढुंकूनही पाहिला नसता ती स्वीकारून बसतो. मी ते वाचलेले होते. वाचलेले आणि आचरलेले यांच्यामधील अंतर मात्र मला विसाव्या रात्री समजले. त्या रात्री मी नेहमीच्या दसपट रकमेच्या टेबलावर जाऊन बसलो, आणि पहाटे दोनपर्यंत १८,००० रुपये घालवले. हा आकडा वहीत नाही. तो लिहिण्याचे धैर्य मला झाले नाही.

ते पैसे सासूबाईंच्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी बाजूला काढलेले होते.

खाते आम्हां दोघांच्या नावे असल्यामुळे बँकेचा संदेश हिच्याही मोबाइलवर गेला. सकाळी तिने चहा पुढे ठेवला आणि समोर बसली. मी वही काढून दिली. तीन एक्क्यांची कर्मकथा मी सविस्तर सांगितली. तिने सगळे ऐकून घेतले.

"ही वही आषाढापासूनची आहे," ती म्हणाली. "त्याआधीची कुठे आहे?"

"त्याआधीची नाही."

"का बरे?"

"तेव्हा मी जिंकत होतो."

ती काहीच बोलली नाही. उठून आत गेली आणि भाजी चिरू लागली.

हा 'तेव्हा मी जिंकत होतो' माझ्याच कानांत दिवसभर घुमत राहिला. जिंकताना हिशेब ठेवावा असे मला का वाटले नाही? खेळलेला प्रत्येक डाव यंत्राच्या पोटात जशाच्या तसा साठवलेला असतो. पुढच्या रविवारी मी तो सारा इतिहास उघडून बसलो. मोठ्या रकमेचे हरलेले चाळीस डाव निवडले आणि प्रत्येकापुढे एकच प्रश्न ठेवला: त्या क्षणी मला जेवढे ठाऊक होते तेवढ्यावरून माझा निर्णय बरोबर होता काय? पुढे कोणता पत्ता पडला, हे झाकून ठेवायचे. उत्तरपत्रिका तपासताना मुलाचे नाव झाकून ठेवतात, तसेच. चाळिसांपैकी तेरा डाव मी नीट खेळून हरलो होतो. उरलेले सत्तावीस माझ्या हट्टाचे, उतावळेपणाचे, किंवा समोरचा थापच मारतो आहे या समजुतीचे. ते तीन एक्के त्या तेरांत होते खरे. पण त्या तिघांच्या आड बाकीचे सत्तावीस मी किती सुखाने लपविले होते!

इथेच थांबलो असतो, तर 'आपण चुकलो' एवढे प्रांजळ समाधान पदरी पडले असते. परंतु दुपारी चहानंतर मला दुर्बुद्धी सुचली, की सद्बुद्धी, कोण जाणे. मागील दोन वर्षांतले मोठे जिंकलेले चाळीस डावही मी त्याच कसोटीला लावले. त्यांतले बावीस मी चुकीचे खेळलो होतो. पत्ते टाकायला हवे होते तेथे पैसे लावले होते, आणि अखेरच्या पत्त्याने मला हात देऊन वर काढले होते. त्या बावीस प्रसंगी यंत्र लबाड आहे असे मला एकदाही वाटले नव्हते. खुर्ची बदलावी असेही वाटले नव्हते. दैव माझ्या घरी दोन वर्षे येऊन जेवून जात होते, आणि मी त्याला ओळखलेच नाही. ते रिकाम्या हाताने येऊ लागले, तेव्हा मात्र मी त्याला नावानिशी हाक मारली.

त्या संध्याकाळी मला नळाची आठवण झाली. नळ द्यूतात आपल्या भावाशी, पुष्कराशी, हरला आणि राज्याला मुकला, एवढे आपण लहानपणापासून ऐकतो. पुढची गोष्ट मात्र सांगण्याच्या ओघात राहून जाते. सारथ्याच्या वेषात तो राजा ऋतुपर्णाचा रथ हाकीत असता ऋतुपर्णाने वाटेवरचा बेहड्याचा वृक्ष पाहून त्याच्या पानाफळांची संख्या उभ्याउभ्या सांगितली. नळाला ते खरे वाटेना. रथ थांबवून, घाई असतानाही, त्याने स्वतः मोजून पाहिले, संख्या जुळली. मग अश्वविद्येच्या बदल्यात त्याने ऋतुपर्णाकडून अक्षहृदय, म्हणजे फाशांचे अंतरंग, शिकून घेतले, आणि तत्क्षणी त्याच्या अंगातला कली बाहेर पडला. जुन्या काळी फासे बेहड्याच्याच फळांचे करीत, हे लक्षात घेतले म्हणजे तो वृक्ष तेथे का आहे ते कळते. कली जाण्यासाठी नळाने यज्ञ केला नाही, नवस केला नाही, की बसण्याची जागा बदलली नाही. त्याने मोजले. हीच कथा बृहदश्व ऋषींनी वनात युधिष्ठिराला सांगितली आणि त्यालाही ती विद्या दिली. दोघांनाही ती मिळाली ती सर्वस्व गेल्यावर, हा त्या विद्येचा स्वभावच दिसतो.

त्यानंतर मी खेळलो, पण निराळ्या रीतीने. महिन्याची रक्कम ठरलेली; ती संपली की महिना संपला. रात्री दहानंतर मोबाइल हिच्या उशाशी. हरलेल्या आणि जिंकलेल्या, दोन्ही प्रकारच्या दिवसांचा हिशेब. नफ्यात आलो काय, असे वाचक विचारतील. नाही. वर्षाअखेरीस थोडा तोटाच होता, पण तो आता माझ्या ओळखीचा होता. पुढे २०२५ च्या ऑगस्टात केंद्र सरकारच्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळच बंद केले. माझी तक्रार नाही. ज्या रात्री मी १८,००० घालविले त्या रात्री त्याच टेबलावर माझ्याहून तरुण, बहुधा माझ्याहून कमी ऐपतीची माणसे बसलेली असतील, हा विचार मला पुष्कळदा छळतो.

ते पैसे मी पेन्शनीतून तीन हप्त्यांत भरले. पण ते तीन महिने मात्र भरून देता आले नाहीत. मुलाकडे पैसे मागायचे तर कारण सांगावे लागले असते, म्हणून हिने आपल्या आईला डॉक्टरांनीच पुढची तारीख दिली असे सांगितले. जन्मात खोटे न बोललेली बाई माझ्यासाठी खोटे बोलली. सासूबाई त्या तीन महिन्यांत आमच्या नातीला केवळ आवाजावरून ओळखत. शस्त्रक्रियेनंतर पट्टी सुटली तेव्हा त्या म्हणाल्या, "अगबाई, पोर किती उंच झाली ही!" सगळे हसले. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

परवा लक्ष्मीपूजनाच्या रात्री हीच नात आणि मी बदाम सात खेळत होतो. सलग तीन डाव हरल्यावर तिने पत्ते आपटले आणि म्हणाली, "आजोबा, मला पत्तेच वाईट येतायत!"

मी गंभीर मुद्रा करून विचारले, "आणि मघाशी दोन डाव जिंकलीस, तेव्हा कसे आले होते?"

"तेव्हा होय?" ती म्हणाली, "तेव्हा मी छान खेळले होते."

शेजारी पणत्यांत तेल घालीत बसलेली ही माझ्याकडे पाहून नुसती हसली. मी मुकाट्याने पत्ते पिसायला घेतले.