बोलपूरचे चीन भवन

चीन म्हटले की मराठी घरांत दोनच गोष्टी आठवतात : सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आणि १९६२ चे युद्ध. आपल्याच घरातून नाहीसे झालेले कित्येक ग्रंथ त्या देशाने सांभाळून ठेवले आहेत, हे मात्र फार थोड्यांच्या ध्यानी असते. म्हणूनच बंगालच्या यात्रेचा योग आला, तेव्हा शांतिनिकेतनातील ‘चीन भवन’ मी मुद्दाम पाहून घेतले.

पांढुर्ण्याहून नागपूर, तेथून हावडा आणि हावड्याहून तीनेक तासांत बोलपूर. आमच्याकडची काळी माती नि संत्र्यांचे मळे पाहून सरावलेल्या डोळ्यांना बीरभूमची तांबडी माती प्रथम परकीच वाटते. पावसाच्या पाण्याने तिच्यात घळी पडतात, त्यांना तिकडे ‘खोवाई’ म्हणतात. यात्रेकरू छातिमतला पाहतात, उत्तरायण पाहतात, खोवाईवरच्या बाजारात चार वस्तू विकत घेतात आणि परततात. चीन भवनाकडे पावले वळतात ती क्वचितच.

रवींद्रनाथ १९२४ साली चीनला जाऊन आले. पुढे १९२७ मध्ये मलायाच्या प्रवासात हूनान प्रांतातील एक तरुण अध्यापक त्यांना भेटला. त्याचे नाव तान युन-शान. दुसऱ्याच वर्षी तो शांतिनिकेतनात दाखल झाला, तो जन्माचा भारतीय होऊन राहिला. मायदेशी जाऊन त्याने इमारतीसाठी निधी मिळवला, हजारो चिनी ग्रंथ आणले, आणि १४ एप्रिल १९३७ रोजी, बंगाली वर्षप्रतिपदेस, चीन भवनाचे उद्घाटन झाले. पंडित नेहरू यावयाचे होते. प्रकृतीमुळे येऊ शकले नाहीत. त्यांचा संदेश घेऊन आली ती कन्या इंदिरा.

वास्तू दुमजली, साधीच आहे. भिंतीवर नंदलाल बसूंनी १९४२ साली ‘नटीर पूजा’ नाटकातील प्रसंग चितारले आहेत. राजाज्ञा मोडून स्तूपाची पूजा करणारी आणि त्यापायी प्राणास मुकणारी ती नर्तकी पाहताना पाय आपोआप थबकतात.

परंतु या वास्तूचे खरे वैभव ग्रंथालयात आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकांपासून संस्कृत, प्राकृत बौद्ध ग्रंथांची चिनी भाषांतरे होत गेली. मूळ ग्रंथ इकडे लुप्त झाले, भाषांतरे तिकडे उरली. त्यांवरून मुळाचा माग काढणे हे येथील संशोधकांचे काम. ते किती नाजूक असते पहा : ‘तथागत’ या शब्दासाठी चिनी भाषांतरकारांनी ‘रूलाय’ हा शब्द योजला. ‘रू’ म्हणजे ‘तसा’ आणि ‘लाय’ म्हणजे ‘येणे’. येथे अर्थ नेला, ध्वनी टाकला. उलट ‘निर्वाण’ शब्दाचा ध्वनीच उचलून ‘निएपान’ केले. कोठे अर्थ आहे नि कोठे नुसता नाद, हे उमगल्यावाचून मूळ शब्द हाती लागत नाही.

या कामात मराठी माणूस मागे नव्हता, हे अभिमानाने सांगावेसे वाटते. धर्मानंद कोसंबी १९१२ ते १९१८ या काळात पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवीत. त्यांचे शिष्य पुरुषोत्तम विश्वनाथ बापट. ‘विमुत्तिमग्ग’ हा ग्रंथ पालीत उरला नाही. संपूर्ण असे सहाव्या शतकातले चिनी भाषांतर तेवढे शिल्लक आहे. बापटांनी ते बुद्धघोषाच्या ‘विसुद्धिमग्गा’शी ताडून पाहिले आणि आपला प्रबंध १९३७ मध्येच, म्हणजे चीन भवन उघडले त्याच वर्षी, पुण्यात प्रसिद्ध केला. ‘अर्थपदसूत्रा’वरील त्यांचे काम १९५१ साली विश्वभारतीनेच छापले. आमच्या पाठ्यपुस्तकांत या माणसाचे नावही नसावे, याचे वैषम्य वाटते.

सातव्या शतकात युआन च्वांग महाराष्ट्रात येऊन गेला. येथील लोक मानी आहेत, उपकार विसरत नाहीत, अपमान तर मुळीच विसरत नाहीत, अशा आशयाचे त्याने लिहिले आहे. तेराशे वर्षांत आपण फारसे बदललो नाही म्हणावयाचे!

१९६२ साली या वास्तूवर कठीण काळ आला. भारतातील चिनी वंशाच्या हजारो लोकांना तेव्हा राजस्थानातील देवळीच्या छावणीत ठेवण्यात आले होते. तान मात्र शांतिनिकेतनातच राहिले, चिनी भाषेचे अध्यापनही चालू राहिले. आम्हां सावरगावकरांना हे समजणे अवघड नाही. जाम नदीच्या एका काठी पांढुर्णा, दुसऱ्या काठी आमचे गाव. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीपात्रात पळस रोवून दोन्ही गावे एकमेकांवर दगड फेकतात. डोकी फुटतात, माणसेही दगावली आहेत. (मला स्वतःला ही प्रथा शोभनीय वाटत नाही, गावात बोललो तर कोणी ऐकत नाही.) तरी पुढे वर्षभर बाजारहाट आणि सोयरिकी चालूच असतात. तान यांनी १९८३ मध्ये बोधगयेस देह ठेवला.

त्या ग्रंथांच्या रांगांपुढे उभा असता मला महानुभाव पंथाची आठवण झाली. ‘लीळाचरित्रा’सारखे आपले आद्य गद्य कित्येक शतके सांकेतिक लिपीत बद्ध होते, त्याच्या पोथ्या पार पंजाबातल्या मठांपर्यंत पोचल्या होत्या. इतिहासाचार्य राजवाड्यांसारख्यांनी ती लिपी उलगडली, तेव्हा मराठीला आपला हा ठेवा परत मिळाला. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर तिकडे गेले, आम्ही इकडे राहिलो. आज माझ्या शाळेत घरी मराठी बोलणारी मुले वर्गभर आहेत. मराठी पुस्तक सलग वाचणारी बोटांवर मोजण्याइतकी. त्यांच्या आजोबांच्या पोथ्या माळ्यावर फडक्यात बांधलेल्या आहेत. त्या उद्या कोणी आणि कोणत्या भाषेच्या आधाराने वाचाव्यात?

जपानी अभ्यासासाठी १९९४ साली उघडलेले निप्पॉन भवनही याच परिसरात आहे. वेळेअभावी ते बाहेरूनच पाहिले. जाणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवावे की विश्वभारतीची सुटी रविवारी नसते, बुधवारी असते.