आपणहून हलणारे दांडे

घरात विमान बाळगणाऱ्या माणसाला येणारे-जाणारे साधारण दोन प्रश्न विचारतात. पहिला, "ठेवलंय कुठे?" आणि दुसरा, "पण हे खरं उडतं का हो?" पहिल्याचे उत्तर सोपे आहे. पूर्वी जिथे शिवणाचे मशीन होते तिथे. दुसऱ्याचे उत्तर देण्याच्या फंदात मी पडत नाही. संगणकाच्या पडद्यावर लोहगावची धावपट्टी दिसू लागली की खुर्चीतल्या माणसाच्या पोटात जे काही होते ते खरेच असते, एवढे मला पुरते. पेन्शनीत निघाल्यावर कुणी ब्रिज खेळते, कुणी सोसायटीचा सेक्रेटरी होऊन लोकांना छळते. मी संध्याकाळी पाचला पुण्याहून निघतो, सातच्या सुमारास दिल्लीला उतरतो आणि साडेसातला पुण्यातच पिठलं-भाकरी खायला बसतो.

इतकी वर्षे हा कारभार एका जॉयस्टिकवर चालला. तिच्या बुडाशी नखाएवढी एक पट्टी आहे. ती पुढे सरकवली की दोन्ही इंजिने गर्जू लागतात. पावणेदोनशे उतारू घेऊन जाणारे बोइंग ७३७ अंगठ्याच्या नखाने हाकायचे, हे मनाला पटत नाही. खऱ्या विमानात दोन वैमानिकांच्या मध्ये दांड्यांचा एक चौथरा असतो. इंजिनांचे दोन दांडे, डाव्या अंगाला स्पीडब्रेकचा, उजव्या अंगाला फ्लॅप्सचा आणि दोन्ही बाजूंना ट्रिमची काळी चाके. याला थ्रॉटल क्वाड्रंट म्हणतात. मलाही तो हवा, असे मी ठरवले. ठरवायला वेळ लागला नाही. निवडायला मात्र आठ महिने गेले, आणि लग्नाच्या वेळीसुद्धा मी इतका चिकित्सकपणा केला नव्हता.

बाजारात क्वाड्रंट पुष्कळ आहेत. हनीकॉम्बचा ब्राव्हो आहे, थ्रस्टमास्टरचे आहेत. ही मंडळी गुणी आहेत. ठेवाल तिथे राहतात. पण दुसरी एक जात आहे, मोटर बसवलेली. त्यांचे दांडे आपणहून हलतात. किंमत युरोत सांगतात, म्हणजे रुपयांत सांगायची त्यांनाही लाज वाटत असावी. वर बोटीचे भाडे आणि कस्टम्स.

मी हे हिला सांगितले तेव्हा ती मेथी निवडत होती.

"आपणहून हलतात?"

"हो."

"मग तुम्ही काय करणार?"

प्रश्न वाटतो तितका भाबडा नाही. जे.आर.डी. टाटांनी १५ ऑक्टोबर १९३२ रोजी कराचीहून जुहूला टपाल आणले ते एका इंजिनाच्या पस मॉथमधून. तिथे दांडा हातानेच पुढे करायचा आणि हातानेच मागे घ्यायचा. पुढे ऑटोथ्रॉटल आले. वेग सांगितला की इंजिनाला किती जोर द्यायचा हे यंत्रच ठरवते. आता नुसते इंजिनाला सांगून ते गप्प बसले असते तर माझे युरो वाचले असते. पण बोइंगवाल्यांनी ठरवले की यंत्र जे करील ते दांड्यांतूनही दिसले पाहिजे. म्हणून तिथे दांडे भुताने ढकलल्यासारखे पुढेमागे होतात.

माझ्या घरच्या पट्टीला हे कळत नाही. उड्डाणाला मी ती पूर्ण पुढे सारतो आणि कारभार ऑटोथ्रॉटलकडे सोपवतो. पडद्यावरचे दांडे निम्म्यावर येतात, टेबलावरची पट्टी मात्र पुढेच. दिल्ली जवळ आली, ऑटोथ्रॉटल बंद केले, की सिम्युलेटर पट्टीकडे पाहतो आणि म्हणतो, अच्छा, पूर्ण जोर! उतरायला निघालेले विमान पुन्हा चंदीगडच्या रोखाने झेपावते. बंद करण्याआधी पट्टी अंदाजाने जुळवून घ्यावी लागते. हे म्हणजे परस्पर घर चालवणाऱ्या मुलाकडून महिन्याच्या शेवटी हिशेब मागण्यासारखे. मोटरवाल्या क्वाड्रंटचा खरा उपयोग हा. टेबल आणि पडदा यांच्यात मतभेद राहत नाहीत.

"मग एअरबस उडवा की," आमच्या वरच्या मजल्यावरचे निवृत्त इंजिनियर म्हणाले. हा माणूस नको तेव्हा बरोबर बोलतो. एअरबस ए-३२० मध्ये दांडे खाचांत बसतात. उड्डाणाची एक खाच, चढाईची एक. चढाईच्या खाचेत दांडा टाकला की ऑटोथ्रस्ट इंजिनाला काय सांगायचे ते तारेतून सांगते आणि दांडा उतरेपर्यंत जागचा हलत नाही. मोटर नको, युरो नकोत. एवढेच, की जमिनीपासून वीस फुटांवर ते विमान वैमानिकाला बजावते, दांडे मागे घ्या. त्याचा इंग्रजी शब्द आहे 'रिटार्ड'. मी एकदा एअरबस उतरवत होतो, आणि स्वयंपाकघरातून ही म्हणाली, "अहो, ते सारखं 'रिटायर्ड, रिटायर्ड' काय ओरडतंय? माहीत आहे म्हणावं आम्हाला!" तेव्हापासून एअरबसवरून माझे मन उडाले.

पण मनाचे राहू दे. दांडे हलले म्हणजे सगळे भले, असेही नाही. २५ फेब्रुवारी २००९ रोजी अ‍ॅमस्टरडॅमला टर्किश एअरलाइन्सचे बोइंग ७३७ उतरत होते. डाव्या बाजूच्या रेडिओ अल्टिमीटरने हवेतच उंची उणे ८ फूट दाखवली. ऑटोथ्रॉटलला वाटले, जमीन आली. त्याने दांडे शेवटपर्यंत मागे ओढले. विमान योग्य उतारापेक्षा जरा वरून येत होते, तेव्हा जोर कमी होणे त्या घटकेला स्वाभाविकच वाटण्यासारखे होते. वेग घटत गेला. अखेर सहवैमानिकाने दांडे पुढे ढकलले, पण ऑटोथ्रॉटल चालूच होते. हात सुटला आणि दांडे पुन्हा मागे आले. विमान धावपट्टीच्या अलीकडे शेतात पडले. नऊ माणसे गेली. दांडे बोलत होते, अगदी शेवटपर्यंत. त्या रात्री मी कॅटलॉग मिटून ठेवला.

दुसऱ्या दिवशी उघडला तेव्हा माझी कसोटी बदललेली होती. तोवर मी पाहत होतो, दांडा किती सफाईने हलतो. आता पाहू लागलो, तो हाताला मान देतो का. खऱ्या ७३७ मध्ये मोटर आणि दांडा यांच्यामध्ये क्लच असतो. मोटर ओढत असली तरी माणसाने जोर लावला की क्लच घसरतो आणि दांडा माणसाचे ऐकतो. घरगुती मालात इथेच काटकसर करतात. नुसता पट्टा आणि मोटर. तुम्ही अडवलेत की एकतर दाते झिजतात नाहीतर तुमचे मनगट. म्हणून विक्रेत्याला माझा पहिला प्रश्न हाच असतो. उत्तरादाखल तो रंगीत फोटो पाठवतो. दांड्याची जागा मोजायला घासणारा पोटेन्शिओमीटर आहे की चुंबकावर चालणारा हॉल सेन्सर, हा दुसरा प्रश्न. घासणारा काही वर्षांत थरथरू लागतो. ती सोय घरात आधीपासून आहे.

तिसरा प्रश्न आवाजाचा. ७३७ ची ट्रिमची चाके मोटरने फिरू लागली की खडखडाट होतो. हुबेहूबपणाचा अभिमान बाळगणारे कारखानदार तो खडखडाटही हुबेहूब देतात. रात्री साडेदहाला मी लखनौवर असताना खालच्या बिऱ्हाडाला आपल्या डोक्यावर गिरणी सुरू झाली असे वाटायचे. चाक जमिनीला टेकताच स्पीडब्रेकचा दांडा झटक्यात मागे येतो, तेव्हा त्याच्या वाटेत चहाचा कप ठेवायचा नाही, ही अट मी स्वतःच लिहून काढली. अखेर एक सापडला. क्लच आहे, हॉल सेन्सर आहेत आणि चाकांची मोटर वेगळी बंद करता येते.

किंमत मात्र हिला सांगायचीच होती. सांगितली. ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग आरामखुर्चीकडे पाहिले आणि म्हणाली, "घ्या. या घरात आपणहून हलणारं काहीतरी येऊ दे."

आता प्रश्न फक्त मांडणीचा आहे. क्वाड्रंट दोन खुर्च्यांच्या मध्ये बसतो. डावीकडचा उजव्या हाताने चालवतो, उजवीकडचा डाव्या. ही जन्माची डावखुरी, तेव्हा उजवी खुर्ची तिची, असा मी परस्पर निकाल दिला. तिने चष्मा लावून नकाशा पाहिला.

"आणि कॅप्टन कुठे बसतो म्हणालात?"

"डावीकडे."

"मग मी उजव्या हाताने शिकेन."