रात्रंदिवस मनगटावर

घड्याळ घेताना आपण तबकडी न्याहाळतो, किंमत विचारतो, हमीचा कागद जपून ठेवतो. पट्टा मात्र घड्याळासोबत येईल तो. आमच्या पिढीचे त्यावर निभावले. एच.एम.टी.चे घड्याळ सकाळी किल्ली देऊन मनगटावर चढे आणि रात्री उशाशी उतरे. रात्रभर मनगट मोकळे असे. स्मार्टवॉच झोपेतही हातावर असावे, अशीच त्याची योजना आहे. चोवीस तास त्वचेला चिकटून राहणारी वस्तू तबकडी पाहून निवडता येत नाही.

माझ्या बाबतीत ती हौस नव्हती. गेल्या वर्षी तपासणीत हृदयाचे ठोके अधूनमधून अनियमित पडतात असे आढळले. औषध सुरू झाले आणि रात्रीच्या नाडीची नोंद पुढील भेटीत आणावी, असे डॉक्टरांनी सुचविले. मुलाने घड्याळ आणून दिले. सोबतचा पट्टा सिलिकॉनचा होता. तीन आठवड्यांत मनगटाभोवती लालसर चट्टा उठला, खाज सुटली आणि झोपेत हात आपोआप पट्टा सोडू लागला. सकाळी आलेखात दोनपासून पाचपर्यंत कोरी जागा! ३५ वर्षे बँकेच्या खातेवह्या तपासलेल्या माणसाला कोरी जागा बघवत नाही. सौ. म्हणाली, "अहो, आजार बरा, पण हे घड्याळ नको." डॉक्टरांना हव्या असलेल्या नोंदी नेमक्या त्याच तासांच्या होत्या.

त्वचारोगतज्ज्ञांनी कारण समजावून सांगितले. पट्ट्याखाली घाम अडकतो, हात धुताना साबणाचा अंश राहतो आणि त्यावर दिवसभर घर्षण होत राहते. काहींना बक्कलातील निकेल धातूही सोसत नाही. सिलिकॉन धुवायला सोपे, पाण्याला न भिणारे, परंतु त्यातून वारा खेळत नाही. उन्हाळ्यात दुकानात गादीवर दिवसभर बसणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

मग दुकाने पालथी घातली. पोलादी जाळीचा पट्टा दिसायला देखणा, मात्र तो लोहचुंबकाने मिटतो. हृदयात पेसमेकर बसविलेल्यांनी अशा चुंबकापासून जपावे लागते, आणि डेबिट कार्डामागील काळी पट्टीही त्याच्या फार जवळ नेऊ नये. शिवाय जाळीत मनगटावरील केस अडकतात, ते वेगळेच. चामड्याचा प्रश्न आपल्या घरांत निराळ्या कारणाने येतो. एका दुकानदाराने "आर्टिफिशियल आहे, निर्धास्त घ्या" म्हणून पट्टा पुढे केला. वेष्टणाच्या मागे बारीक अक्षरांत 'जेन्युइन लेदर' छापलेले होते. वेष्टण उलटून वाचण्याची सवय बँकेने लावली, ती अशी उपयोगी पडली. कृत्रिम चामडे म्हणजे बहुधा कापडावर चढविलेला पॉलियुरेथेनचा थर. तो घामाने कालांतराने सोलपटतो.

अखेर विणलेल्या नायलॉनचा, वेल्क्रोने मिटणारा पट्टा घेतला. तो वजनाला नगण्य. टोचणारे बक्कल नाही, त्यामुळे हात उशीखाली गेला तरी झोप मोडत नाही. पण त्याचा खरा गुण आणखी वेगळा आहे. मनगटाचा घेर दिवसभर एकसारखा राहत नाही. उष्म्याने, चालण्याने हात किंचित सुजतो, पहाटे ओसरतो. सिलिकॉनच्या पट्ट्याला ठराविक अंतरावर भोके असतात. एक घट्ट, तर पुढचे सैल. वेल्क्रो हवे तिथे थांबते. हे महत्त्वाचे, कारण घड्याळाच्या तळाशी हिरवा प्रकाश असतो. तो त्वचेत शिरतो, रक्ताच्या प्रवाहानुसार कमी-अधिक परततो आणि त्यावरून नाडी मोजली जाते. पट्टा सैल असेल तर बाहेरचा उजेड शिरून नोंद बिघडते. करकचून आवळला तर त्वचेवर वळ उठतात. मनगटाच्या हाडापासून बोटभर वर बांधावे, घड्याळ सरकू नये आणि पट्ट्याखाली एक बोट जावे, इतकेच घट्ट.

नायलॉनचा दोषही सांगितला पाहिजे. ते पाणी धरून ठेवते आणि पावसाळ्यात कुबट वास येतो. म्हणून मी दोन पट्टे ठेवले आहेत. एक हातावर, एक दोरीवर. दुसरा घेताना घड्याळाच्या खाचेची रुंदी मोजून घ्यावी. २० मिलिमीटरच्या खाचेत २२ चा बसत नाही. सकाळी स्नान आणि न्याहारी होईपर्यंत घड्याळ चार्जिंगला लावतो. तेवढा वेळ मनगट कोरडे आणि मोकळे.

चट्टा पंधरा दिवसांत गेला. मागील भेटीत डॉक्टरांनी सहा आठवड्यांच्या सलग नोंदी चाळल्या, पहाटे तीनच्या सुमाराच्या काही आकड्यांवर बोट ठेवले आणि होल्टरची चोवीस तासांची तपासणी करवली. घड्याळावर विसंबून औषध बदलता येत नाही, हे त्यांनी आधीच बजावले होते. होल्टरचा अहवाल पाहून त्यांनी माझी सकाळची गोळी रात्रीवर नेली.