कूर्मगडचा बेत

सहल आखणे हे मुख्याध्यापकाच्या अंगवळणी पडलेले काम आहे. पालकांची संमतीपत्रे, मुलांची यादी, औषधांची पेटी, निघण्याची व परतण्याची वेळ, हे सारे कागदावर उतरल्याखेरीज आमचे पाऊल शाळेच्या फाटकाबाहेर पडत नाही. हीच खोड घरीही लागली आहे. लग्नाला जावयाचे असले तरी आम्ही आदल्या रात्री तक्ता करतो. सौभाग्यवतींचे यावर म्हणणे असे की, आपल्या घरात घंटा तेवढी टांगावयाची राहिली आहे.

यंदा उन्हाळ्याच्या सुटीत कन्या, जावईबापू आणि दोन्ही नातवंडे पुण्याहून रामनगरला आली. जोयडा तालुक्यातील आमचे हे गाव. सभोवती रान, आंबे-फणसाची झाडे आणि रात्री बऱ्यापैकी गारवा. पण पुण्याच्या मुलांना एवढ्याने किती दिवस रमविणार? चौथ्या दिवशी नऊ वर्षांच्या नातवाने विचारले, "आजोबा, तुमच्या जिल्ह्यात बेट आहे का?" पुस्तकात त्याने बेटाची व्याख्या पाठ केली होती, बेट पाहिले मात्र नव्हते. आम्ही नकाशा उघडला, आणि बेताला तेथेच आरंभ झाला.

कारवारच्या समुद्रात बेटांना तोटा नाही. देवगड बेटावर एकोणिसाव्या शतकापासून दीपगृह उभे आहे. अंजदीव तर इतिहासातले बेट. भौगोलिक दृष्ट्या ते कारवारच्या दारात, पण कारभाराने गोव्याचे. १४९८ साली परतीच्या वाटेवर वास्को द गामाची गलबते येथे थांबली. १५०५ साली आल्मेदाने येथे किल्ला बांधावयास घेतला. मुंबई इंग्रजांना आंदण मिळाली, पण ताबा मिळेना, तेव्हा अब्राहम शिपमन आपले सैनिक घेऊन याच बेटावर थांबून राहिला आणि १६६४ साली येथेच वारला. त्याचे बहुतेक सैनिकही रोगराईने गेले. १९६१ च्या डिसेंबरात गोवामुक्तीच्या वेळी हे बेट घेताना आपल्या नौदलाचे सात जण धारातीर्थी पडले. आज ते नौदलाच्या तळाच्या आवारात आहे. तेथे सामान्य माणसास प्रवेश नाही. जावईबापूंना हे सर्व सांगताना आमचा इतिहासाचा तास झाला खरा, परंतु सहलीच्या दृष्टीने अंजदीव बाद झाले.

राहिला कूर्मगड. पाठ वर काढून बसलेल्या कासवासारखा त्याचा आकार, म्हणून हे नाव. वर जुन्या तटाचे अवशेष आणि नरसिंहाचे देऊळ. पौष पौर्णिमेला तेथे यात्रा भरते आणि कोळीबांधवांच्या होड्या नटून-सजून बेटाकडे जातात. आमच्याकडच्या कित्येक घरांतून या देवाला नवस बोलले जातात. मात्र २१ जानेवारी २०१९ रोजी यात्रेहून परतणारी एक होडी उलटली आणि १६ माणसे बुडाली. त्यानंतर आमच्या घरात कूर्मगडचे नाव फारसे निघाले नव्हते. म्हणूनच, जावयाचे तर नीट पाहून-सवरून जावयाचे, असे आम्ही ठरविले, आणि सहलीच्या आधी एकटेच बसने अणशीच्या घाटातून कारवारला जाऊन आलो.

कोडीबागेच्या धक्क्यावर एक वयस्क तांडेल भेटले. आम्ही भाडे विचारण्याच्या आत त्यांनीच आम्हांला प्रश्न घातले. "माणसं किती? लहान किती? म्हातारी कोण? उलटी लागणारं कोण?" शाळेत प्रवेशाच्या दिवशी आम्ही जसे पालकांना विचारतो, तसेच. आम्ही म्हणालो, सात जण. त्यांनी होडीवर रंगविलेला आकडा दाखविला. "यात आठ बसतात मास्तर, नववा आला तर होडी सुटणार नाही. जाकीट सगळ्यांनी घालायचं, पोरांची मापं वेगळी ती आधी सांगा. आणि सकाळी जाऊन अकराच्या आत परत. उन्हाळ्यात दुपारचा वारा उठला की पाणी खवळतं."

वेळेचा हिशेबही त्यांच्याकडूनच पक्का करून घेतला. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हे गणित आम्ही मुलांना शिकवीत आलो आहोत. द्वादशी असेल तर बारा गुणिले पाऊण म्हणजे नऊ. हा मुंबईकडचा आडाखा. भरती आपल्या किनाऱ्यावर दक्षिणेकडून वर सरकत जाते, म्हणून कारवारला ती मुंबईच्या आधी येते. दररोज ती सुमारे पन्नास मिनिटे पुढे ढकलते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण आणि अष्टमीच्या सुमारास भांग, म्हणजे पाण्याची चढउतार बेताची. तांडेलांचे म्हणणे असे की, ओहोटीला बेटाचे शेवाळलेले दगड उघडे पडतात आणि उतरताना पाय घसरतो. भरतीला होडी चांगली वरपर्यंत लागते. तेव्हा सकाळी आठच्या सुमारास भरती, उधाण नाही, वारा नाही, असा दिवस हवा. असा दिवस वैशाख शुद्ध द्वादशीचा निघाला. चाळीस वर्षे वर्गात शिकलेले-शिकविलेले गणित प्रथमच आमच्या कामी आले, याचा आनंद काय वर्णावा!

घरी येऊन तक्ता केला. एकादशीला दुपारी निघून सदाशिवगडला मेहुण्यांकडे मुक्काम, पहाटे उठून काळीचा पूल ओलांडणे, सातला होडी, बेटावर दीड तास, अकराच्या आत धक्क्यावर. प्रत्येकी दोन बाटल्या पाणी, टोप्या, ओआरएसची पाकिटे. रात्री जेवणे झाल्यावर आम्ही हा तक्ता सर्वांपुढे परिपत्रकासारखा वाचून दाखविला. वाचून संपला तेव्हा कोपऱ्यात वाती वळीत बसलेली आई म्हणाली,

"यात माझं नाव कुठं आहे?"

आम्ही निरुत्तर झालो. आईचे वय ऐंशीच्या पुढे. ती पाण्याला भिते, हे आमच्या घरात गृहीत धरलेले सत्य. शेजारच्या काकूंना तिच्या सोबतीला बोलावण्याचेही आम्ही तक्त्यात तळाशी लिहिले होते.

"आई, समुद्र आहे. होडीत बसावं लागेल. तू पाण्याला भितेस ना?"

"तुला कुणी सांगितलं? मी सांगितलं कधी?" ती म्हणाली. "भीत नाही मी पाण्याला. मला त्याचा राग आहे."

वाचकांपैकी ज्यांना आमचा मुलूख ठाऊक नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगणे आवश्यक आहे. आमचे मूळ गाव सुपा. तालुक्याचे नावही पूर्वी तेच होते. काळी आणि पांढरी या नद्यांच्या संगमावर ते वसलेले होते. १०१ मीटर उंचीचे धरण उभे राहिले आणि सुपा पाण्याखाली गेले. तालुक्याचे ठाणे जोयड्यास आले, आमच्यासारखी कुटुंबे रामनगरला वसविली गेली. आम्ही तेव्हा आठवीत होतो. खरे सांगावयाचे तर आम्हांला त्या वेळी दुःख झाले नव्हते. ट्रकच्या टपावर सामानात बसून जावयास मिळाले, याचीच मौज वाटली होती. विजेची गरज, देशाची प्रगती यांवर पुढे आम्ही मुलांकडून निबंधही लिहून घेतले. धरणाची वीज आमच्या शाळेतही जळते. ती नको असे आम्ही आजही म्हणणार नाही. पण आईला त्या दिवशी काय वाटले, हे आम्ही चाळीस वर्षांत एकदाही विचारले नव्हते.

त्या रात्री तिने सांगितले. निघावयाच्या दिवशी सकाळी तिने सबंध घर सारविले. शेजारणी म्हणाल्या, बुडणाऱ्या घराला शेण कशाला लावतेस? ती म्हणाली, पाहुणा येणार आहे, घर घाणेरडे दिसू नये. वडील ओटीवर बसून होते. त्यांनी तेथूनच कूर्मगडच्या नरसिंहाला नवस बोलला की, नव्या जागी पोरांच्या डोक्यावर छप्पर येऊ दे, त्यांची शिक्षणे होऊ देत, दोघे जोडीने येऊन नारळ ठेवू. छप्पर आले, शिक्षणे झाली, आम्ही एम.ए. होऊन मुख्याध्यापक झालो. वडील गेले. नवस तसाच राहिला.

"तुम्ही कधी बोलला नाहीत," आम्ही म्हणालो. कधी नव्हे ते आईला 'तुम्ही' म्हणालो, ते त्या दोघांना उद्देशून असावे.

"ते म्हणायचे, पोराच्या नोकरीत व्यत्यय नको. आणि तुझा तक्ता नेहमी भरलेला."

आम्ही कागद पुन्हा पुढे ओढला. आठवे नाव लिहिले. आकडा बरोबर जमला, होडीला चालणारा. मग आईने विचारले की, नरसिंहजयंती चतुर्दशीला असते, मग द्वादशीला का? आम्ही भरतीचे गणित, उधाण आणि शेवाळलेले दगड समजावून सांगितले. तिने सगळे ऐकून घेतले आणि म्हणाली, "बरं तर. एकादशी सोडायलाही बरं. देव दोन दिवस आधी गेलं तरी ओळख देतो." डॉक्टरांना विचारून आलो, त्यांनी उपास निर्जळी नको, एवढी अट घातली. तांडेलांना फोन करून एक म्हातारे माणूस आहे, हे कळविले. ते म्हणाले, "मग माझा मुलगा बरोबर घेतो, उतरवायला दोन हात लागतील. पण मास्तर, तुमच्यातला एक जण कमी करा, माझा मुलगाही माणूसच." जावईबापूंनी आपणहून किनाऱ्यावर राहावयाचे कबूल केले. तक्ता तिसऱ्यांदा लिहिला.

द्वादशीच्या सकाळी काळीचे मुख आरशासारखे स्वच्छ होते. ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळलेल्या जुन्या पुलाची जागा आईने गाडीतून पाहिली आणि काही बोलली नाही. केशरी जाकीट नऊवारीवर घालताना नातवंडे हसली, ती मात्र हसली नाही. बंद तिने स्वतः ओढून पाहिले. होडी सुटली. आम्ही नातवाला सांगू लागलो की, ही काळी नदी आपल्याच तालुक्यात, डिग्गीजवळ उगम पावते. १८४ किलोमीटर वाहते. सुपा, बोम्मनहळ्ळी, कोडसळ्ळी, कद्रा ही धरणे ओलांडून येथे समुद्राला मिळते. उगम आणि मुख एकाच जिल्ह्यात.

"म्हणजे हे आपल्या सुप्याचं पाणी?" आईने मध्येच विचारले.

"हो."

तिने हात खाली सोडला. होडीची कड उंच, हात पाण्यापर्यंत पोहोचेना. तांडेलांच्या मुलाने वेग कमी केला, ओंजळभर पाणी तिच्या हातावर घातले. तिने ते डोळ्यांना लावले नाही की प्यायलीही नाही. थोडा वेळ हातात धरून ठेवले आणि सोडून दिले.

बेटावर दोघांनी धरून तिला उतरविले. चढ तिने पाच ठिकाणी बसून चढला. देवापुढे दोन नारळ ठेवले, एक स्वतःचा आणि एक वडिलांचा. केळी, साखर, आणि घरून आणलेला भात यांवर द्वादशी सोडली. दीड तासाचे पावणेदोन तास झाले. तक्ता मोडला, पण आम्ही घड्याळ खिशातच ठेवले. तरी अकराला पाच मिनिटे असताना आमची होडी धक्क्याला लागली. अर्ध्या तासाने वारा उठला, तेव्हा आम्ही मेहुण्यांच्या ओसरीवर ताक पीत होतो.

परतीच्या वाटेवर अणशीचा घाट चढताना सर्वांना डुलकी लागली. आई जागी होती. म्हणाली, "उन्हाळ्यात धरणाचं पाणी उतरलं की टेकड्यांचे माथे बेटासारखे दिसतात म्हणे. आपल्या सुप्यावरची टेकडी दिसत असेल?"

"दिसत असेल."

"मग लांबून एकदा पाहू."

वाचकहो, त्या सहलीचा तक्ता आम्ही करावयास घेतला आहे. या वेळी पहिले नाव आईचे लिहिले आहे, आणि वेळ कोणती सोईची, तेही तिलाच विचारले आहे.